कोरलमधून फिग्मात: प्रिंटवाल्यांनी यूएक्स कसं शिकावं

नारायण पेठेतल्या एका प्रेसच्या माळ्यावर मी सोळा वर्षं काढली. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, औषधांची खोकी, क्लासची पत्रकं, नगरसेवकांचे कार्य-अहवाल, जे येईल ते. २०२० साली काम बसलं, तेव्हा यूएक्सचा, म्हणजे यूजर एक्सपिरियन्सचा, अभ्यास सुरू केला. आता बाणेरला एका कंपनीत तेच काम करते. जुन्या ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा दर महिन्याला फोन येतो, "अगं, ते यूएक्स म्हणजे नक्की काय, आणि आपल्याला जमेल का?" प्रत्येकाला तासभर तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकते.

जमेल. तुमची नजर तयार आहे आणि हातही. अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे प्लेट छपाईला गेली की विषय संपतो. पत्रिका हातात घेतल्यावर पाहुण्याला मुहूर्ताची वेळ सापडली का, ते सांगायला प्रेसमध्ये कुणी येत नाही. यूएक्सचं काम नेमकं तिथे सुरू होतं, कोण कुठे अडलं ते बघण्यापासून. ही एक सवय लागली तर बाकीचं शिकता येतं. नाही लागली तर चार कोर्स केले तरी तुम्ही सुंदर स्क्रीन काढणारे प्रिंटवालेच राहाल.

पायरी १: पैसे भरण्याआधी पंधरा दिवस नुसतं बघा

यूआय, म्हणजे यूजर इंटरफेस: स्क्रीन दिसते कशी. रंग, अक्षर, बटणं. यूएक्स म्हणजे माणसाचं काम झालं का, आणि होताना त्याला किती त्रास झाला. डिझाइनतज्ज्ञ डॉन नॉर्मन यांनी १९९३च्या सुमारास ॲपलमध्ये हा शब्द रुजवला तो याच व्यापक अर्थाने. जाहिरातीत दोन्ही शब्द जोडून लिहितात, त्यामुळे गोंधळ होतो.

एक वही घ्या. चार रकाने करा: कोण, काय करायला आलं, कुठे थांबलं, मग काय केलं. मंडईत क्यूआर स्कॅन करणाऱ्या आजी, दवाखान्याच्या काउंटरवर फॉर्म भरणारा बाप, मेट्रोच्या तिकीट यंत्रापुढे उभा राहिलेला बाहेरगावचा माणूस. कुणाला काही विचारू नका, मदतही करू नका. नुसतं लिहा.

पुणेरी पाट्याही या नजरेने वाचा. "बेल एकदाच वाजवावी, दार उघडायला वेळ लागतो" ही पाटी लिहिणाऱ्याने आलेली माणसं नीट पाहिलेली असतात, आणि जिथे चूक होते त्याच जागी, बेलच्या शेजारी, त्याने मजकूर लावलेला असतो. आमच्या भाषेत हे मायक्रोकॉपी. अर्थात "ढकला" अशी पाटी लावायची वेळ आली असेल तर चूक दाराच्या मुठीत आहे, येणाऱ्यात नाही.

पंधरा दिवसांत वही भरली आणि मजा आली, तर पुढे वाचा. कंटाळा आला तर त्यात कमीपणा काही नाही. पॅकेजिंग, ब्रँडिंग, नुसतं यूआय, इथे तुमचं कसब जास्त मोलाचं ठरेल.

पायरी २: काय बरोबर न्यायचं, काय प्रेसमध्ये ठेवून यायचं

बरोबर न्यायचं ते बरंच आहे. डोळा आधी कुठे जावा, मग कुठे, हे ठरवता येणं. ग्रिड. मुद्रितशोधनाची सवय. आणि "लोगो जरा मोठा करा" म्हणणाऱ्या माणसाशी न चिडता बोलता येणं. हे शेवटचं कुठल्याच कोर्समध्ये शिकवत नाहीत आणि नोकरीत रोज लागतं.

ठेवून यायचं म्हणजे मुख्यतः ठरलेल्या मापाचं पान. ए-फोर म्हणजे ए-फोर, ३ मिलिमीटर ब्लीड (कापण्यासाठी कडेबाहेर वाढवलेली छपाई), मजकूर बसत नसेल तर लेखकाला फोन करून दोन ओळी कापायला सांगायच्या. स्क्रीनवर लेखकच नसतो. नावाच्या रकान्यात कुणी "उमा" लिहील, कुणी "त्र्यंबकराव विश्वनाथराव कुलकर्णी-देशपांडे". फोन अरुंद असेल. काकांनी सेटिंगमध्ये जाऊन अक्षर दीडपट केलेलं असेल. म्हणून प्रत्येक चौकट काढताना स्वतःला विचारायचं: मजकूर दुप्पट झाला तर? मजकूर आलाच नाही तर? नेट गेलं तर? नवख्या प्रिंटवाल्याच्या फाइलमध्ये भरलेली, सजलेली स्क्रीन असते. रिकामी स्क्रीन, चुकीचा संदेश आणि "थांबा, येतंय" ही अवस्था कुठेच नसते. मीही पहिले सहा महिने त्या काढल्या नव्हत्या.

मापांचं भाषांतर जपून करा. ॲपलच्या मार्गदर्शक सूचनांत बोट लावायची जागा किमान ४४ पॉइंट असावी असं म्हटलंय, पण तो पॉइंट म्हणजे आपला इंचाचा बहात्तरावा भाग नव्हे. अँड्रॉइडकडे हेच माप ४८ डीपी (त्यांचं स्क्रीनवरचं एकक) आहे, प्रत्यक्षात साधारण ९ मिलिमीटर. पट्टी घेऊन स्वतःच्या अंगठ्याखाली मोजून बघा, पटेल.

रंगाचंही तसंच. सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांचा हिशोब, विसरा, हे सगळे सांगतात. त्याहून महत्त्वाचा आहे फरक, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातलं अंतर. डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे साध्या मजकुरासाठी ते किमान ४.५ ला १ हवं, मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १. पांढऱ्यावर #७६७६७६ हा राखाडी जेमतेम पास होतो. त्याहून फिका नापास. आर्टपेपरवर जो नाजूक राखाडी आपल्याला फार शोभिवंत वाटायचा, तो स्वारगेटच्या स्टँडवर दुपारी बारा वाजता दिसतच नाही. काढलेली प्रत्येक स्क्रीन एकदा फोनवर घेऊन उन्हात जा.

आता देवनागरी. इथे आपण इतरांच्या चार पावलं पुढे आहोत, पण एक खड्डा आहे. पुण्यातल्या बहुतेक प्रेसचं आयुष्य श्रीलिपीच्या जुन्या फाँटांवर गेलं. तो मजकूर तसाच उचलून फिग्मात (स्क्रीन काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये) टाकलात तर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल, कारण त्या फाँटांत मराठी अक्षरं इंग्रजी कळांच्या जागी बसवलेली होती. युनिकोडमध्ये टाइप करायला शिका; इनस्क्रिप्ट ही कळांची मांडणी शिकायला आठवडा-दोन आठवडे लागतात. फाँटसाठी मुक्त, बालू, नोटो सान्स देवनागरी हे फुकट मिळतात आणि स्क्रीनवर चांगले चालतात. ओळींतलं अंतर इंग्रजीच्या हिशोबाने ठेवलं तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसतात. मी अक्षराच्या दीडपटीच्या खाली जात नाही. आणि अक्षरांमध्ये मोकळी जागा वाढवू नका, शिरोरेघ तुटते. ही गोष्ट मी मीटिंगमध्ये इतक्यांदा सांगितलीये की आता आमच्या टीममधली अमराठी मुलंही सांगतात.

पायरी ३: फिग्मा, तीन-चार आठवडे, त्याहून जास्त नाही

फिग्मा ब्राउझरमध्ये चालतं, सरावाला फुकट योजना पुरते. इनडिझाइनमध्ये पॅराग्राफ स्टाइल आणि मास्टर पेज लावून काम करणाऱ्यांना ते लवकर कळतं: स्टाइल म्हणजे स्टाइलच, कंपोनंट म्हणजे असं मास्टर की एकात बदल केला की सगळीकडे बदलतो. कोरलमध्ये, म्हणजे प्रेसमधल्या नेहमीच्या कोरलड्रॉमध्ये, प्रत्येक गोष्ट हाताने सरकवून "डोळ्याला बरोबर दिसतंय" म्हणणाऱ्यांना जरा जड जातं. मी त्यातलीच.

नवीन आणि खरोखर शिकण्यासारखी गोष्ट एकच, ऑटो लेआउट. चौकटीला सांगायचं की आतला मजकूर वाढला तर तू वाढ, आणि कडेला १६ पिक्सेल सोड. कोरलमधल्या पॉवरक्लिपच्या सवयीच्या माणसाला हे उलटं वाटतं. तिथे चौकट ठरलेली आणि आतलं कापलं जातं. सरावासाठी आपलं लाइटबिल घ्या आणि त्याची फोनवर वाचता येईल अशी एक स्क्रीन ऑटो लेआउटमध्ये बांधा. मग रक्कम पाच आकडी करा, पत्ता चार ओळींचा करा. काही फुटलं नाही म्हणजे आलं.

यानंतर यूट्यूबवर फिग्माच्या युक्त्या बघत बसू नका. त्या कधी संपत नाहीत, आणि काम शिकतोय असं उगाच वाटत राहतं.

पायरी ४: काढलेलं माणसापुढे ठेवा आणि गप्प बसा

अभ्यासासाठी मी मंगल कार्यालयाच्या बुकिंगचं ॲप घेतलं होतं. आयुष्यभर पत्रिका केल्या, लग्नातलं मला सगळं कळतं असा समज. सहा स्क्रीन केल्या. पहिल्या स्क्रीनवर वर "तुमचा शुभदिन निवडा" असं मथळ्याचं वाक्य, गोल कोपऱ्यांच्या केशरी पट्टीत. खाली महिन्याचं कॅलेंडर, त्याखाली "पुढे" हे बटण. देखणं झालं होतं, अजूनही मला आवडतं.

ते घेऊन मी सदाशिव पेठेत आमच्या ओळखीच्या एका काकांकडे गेले. त्यांच्या मुलीचं लग्न ठरत होतं. "काका, मी काही सांगणार नाही हं. तुम्ही तुमच्या मनाने करा, आणि मनात येईल ते मोठ्याने बोला."

काकांनी पहिल्यांदा केशरी पट्टीवर बोट ठेवलं. काही झालं नाही. पुन्हा ठेवलं. "हे दाबलं जात नाहीये गं." मथळा त्यांना बटण वाटला, कारण मी तो बटणासारखाच काढला होता. छापील पानावर कशालाही पट्टी दिली तर बिघडत नाही, कागद कुणी दाबून बघत नाही.

मग ते कॅलेंडरकडे आले, थोडा वेळ बघत राहिले, उठले, आणि भिंतीवरच्या खिळ्यावरून कालनिर्णय काढून आणलं. पानं उलटली. चष्मा वर केला. "गुरुजींनी तीन मुहूर्त दिलेत. यातला कुठला मोकळा आहे ते हॉलवाल्याने सांगायचं, मग आम्ही ठरवणार. तू मला एकच तारीख विचारतेयस."

मी तोंड उघडलं. "नाही काका, तुम्ही एक निवडा, मग परत मागे या, मग दुसरी..." आणि तिथे चाचणी बिघडली, कारण पुढचं सगळं त्यांनी माझ्या सांगण्याने केलं. पण जे कळायचं ते कळलं होतं. हॉल शोधणारा माणूस एक तारीख घेऊन येत नाही, तीन घेऊन येतो. माझ्या सहा स्क्रीनचा पायाच चुकीचा होता, आणि हे मला घरबसल्या दहा वर्षांत सुचलं नसतं. दुसऱ्या आवृत्तीत तीन तारखा एकदम टाकायची सोय केली, आणि पट्टीचा रंग काढून टाकला.

तुमच्या पहिल्या चाचणीसाठी काही गोष्टी. मत विचारू नका, काम द्या, "कसं वाटलं?" विचारलं की पुण्यातसुद्धा लोक तोंडावर "छान आहे" म्हणतात. काम नेमकं असावं: "येत्या मे महिन्यात तीनशे माणसांसाठी हॉल बघायचाय." माणूस अडला की मनात दहा मोजा. त्याने "आता काय करू?" विचारलं तर "मी नसते तर काय केलं असतं?" एवढंच. रेकॉर्ड करणार असाल तर आधी परवानगी घ्या आणि कुणाला दाखवणार तेही सांगा. घरच्यांवर चाचणी करू नका, ते तुम्हाला जपतात.

किती माणसं? पाच पुरतात. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी २००० साली मांडलेला हिशोब आहे: पाच जणांत बहुतेक ठळक अडचणी सापडतात, पुढे तेच तेच दिसायला लागतं. पण पाचही एकाच साच्यातले नकोत. हॉल बुक करणारे काका, हॉलच्या ऑफिसातला मॅनेजर आणि केटरर, यांची कामं वेगळी, त्यांच्या अडचणीही वेगळ्या.

पायरी ५: आता कोर्स

कोर्स पाचव्या पायरीवर मुद्दाम ठेवलाय. वरचं सगळं जवळजवळ फुकटात होतं, आणि ते करून गेलात तर वर्गात काय विचारायचं ते कळतं.

घरबसल्या: आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागाने चालवलेलं डी-सोर्स हे संकेतस्थळ फुकट आहे, आणि भारतीय उदाहरणं असल्यामुळे आपल्याला जवळचं वाटतं. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन वर्गांवर डिझाइनचे कोर्स फुकट ऐकता येतात, प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेची फी. कोर्सेरावरचा गूगलचा यूएक्स डिझाइनचा प्रमाणपत्र कोर्स २०२१ साली आला. आठवड्याला दहा तास दिले तर साधारण सहा महिने लागतात, पैसे महिन्याच्या हिशोबाने जातात आणि ऐपत नसेल तर सवलतीसाठी अर्ज करता येतो. तो इंग्रजीत आहे, पण भाषा सोपी आहे. नुसत्या या प्रमाणपत्रावर नोकरी मिळत नाही. शिस्त लागते मात्र.

पूर्णवेळ: लोणी काळभोरची एमआयटी इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन आणि विमाननगरची सिम्बायोसिस इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन ही पुण्यातली मोठी नावं. खर्च लाखांत आणि वेळ वर्षांत मोजायची तयारी हवी. आयआयटीच्या एम.डेस.साठी (डिझाइनची पदव्युत्तर पदवी) सीड ही प्रवेश परीक्षा असते, साधारण जानेवारीत. तिला वयाची अट नाही. आणि आपल्यातल्या अनेकांना ठाऊक नसतं ते असं की जी.डी. आर्ट हा डिप्लोमा झालेल्यांना, एक वर्षाचा कामाचा अनुभव असेल तर, ती देता येते. "आपल्याकडे डिग्री नाही" म्हणून मी दहा वर्षं तो विचारच केला नव्हता. नियम त्या वर्षीच्या माहितीपत्रकात मात्र नीट वाचा.

राहिले खासगी क्लास. डेक्कनपासून कोथरूडपर्यंत पाट्याच पाट्या. मी ज्यात पैसे घातले तिथे शिकवणारा मुलगा स्वतः सहा महिन्यांपूर्वी त्याच क्लासमधून बाहेर पडलेला होता. आधी चौकशी न करण्याची चूक माझी. तुम्ही चौकशी करा: शिकवणारे सध्या कुठे काम करतात, प्रत्यक्ष लोकांवर चाचण्या करायला लावतात का, गेल्या तुकडीतल्या दोघांशी त्यांच्यासमोर न बसता बोलता येईल का. सगळ्यांच्या पोर्टफोलिओत तेच खाण्याचं ॲप आणि तेच ध्यानधारणेचं ॲप असेल तर उठून या. "शंभर टक्के प्लेसमेंट" लिहिलं असेल तर करारात तसं लिहून मागा, चेहरा बघण्यासारखा होतो. आणि "सोप्या हप्त्यांत" म्हणजे बहुतेकदा एखाद्या वित्तकंपनीचं तुमच्या नावावरचं कर्ज. क्लास सोडला तरी हप्ता सुटत नाही. सही करण्याआधी कागदावर कर्ज देणाऱ्याचं नाव बघा.

पायरी ६: पोर्टफोलिओ

प्रिंटचा पोर्टफोलिओ म्हणजे चांगले फोटो काढलेली चांगली कामं. यूएक्समध्ये तीन कामं पुरतात, पण प्रत्येकाची गोष्ट सांगावी लागते: अडचण कुणाची होती, तुम्ही काय बघितलं, पहिल्यांदा काय केलं, ते कुठे आपटलं, मग काय बदललं. केशरी पट्टी आणि कालनिर्णयाची गोष्ट मी जशीच्या तशी घातली, चुकलेल्या स्क्रीनसकट. मुलाखतीत प्रत्येक ठिकाणी त्याच पानावर प्रश्न आले.

तीनपैकी एक काम खऱ्या गिऱ्हाइकाचं हवं, आणि इथे आपल्याला इतरांपेक्षा सोपं जातं; सोळा वर्षांची गिऱ्हाइकं फोनमध्ये आहेत. ज्यांची पत्रकं छापलीत त्यांचा ऑनलाइन फॉर्म बघा. मी एका क्लासचा प्रवेश अर्ज असाच मागून घेतला. छापील फॉर्म चार पानी होता, कारण फर्म्याच्या (एकत्र छापून घडी घालायच्या कागदाच्या) हिशोबात चार पानं बसत होती. ऑनलाइन केला तेव्हा त्यांनी तो तसाच उतरवला. ऑफिसात बसून बघितलं तर निम्मे रकाने कुणी वाचतच नव्हतं. ते काढून टाकले, एवढंच माझं डिझाइन. प्रिंटची जुनी कामं घालायचीच असतील तर शेवटी, एका पानात.

पायरी ७: मुलाखती आणि पहिलं वर्ष

कंपन्या हिंजवडी, बाणेर, खराडी, मगरपट्ट्यात. लहान स्टुडिओ शहरभर विखुरलेले. लहान स्टुडिओपासून सुरुवात करा, तिथे सगळं हाताखालून जातं. मुलाखतीत बहुधा एखादं ॲप समोर ठेवून त्यावर बोलायला लावतात किंवा फळ्यावर एखादा प्रश्न सोडवायला देतात. लगेच चौकोन काढायला घेऊ नका, आधी विचारा: हे कोण वापरणार, कुठे, कशासाठी?

पद ज्युनियरचं मिळेल. माझी पहिली लीड, म्हणजे टीमची प्रमुख, माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान होती आणि मला "ताई" म्हणू की नावाने हाक मारू, या पेचात तिचा पहिला आठवडा गेला. नावानेच मार म्हटलं. पगारही पहिल्यांदा खाली येतो, निदान माझा आला होता. म्हणून आठेक महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवून मगच प्रेस सोडा, आणि जमल्यास एकदम सोडू नका, अर्धवेळ करून घ्या. शिकायला आठवड्याचे दहा तास काढले तर पहिल्या पायरीपासून पहिल्या मुलाखतीपर्यंत वर्ष धरून चाला. दिवाळी अंकांचे दोन महिने त्या वर्षातून वजा करा. ऑगस्टच्या मध्यापासून काहीही होत नाही, मी दोनदा प्रयत्न करून पाहिलाय.